वेशबाहुल्या व त्यांचा संग्रह

वेशबाहुल्या व त्यांचा संग्रह : पोशाखाचे प्रदर्शन करणे हे जिचे मुख्य प्रयोजन असते आणि जिचे कपडे काढता, घालता व बदलता येतात, अशा बाहुलीला वेशबाहुली किंवा फॅशन-बाहुली म्हणतात. तान्ह्या मुलाच्या आकाराची बाहुली लहान मुलीला आईपणाच्या खेळासाठी उपयोगी पडते. वेशबाहुलीची घडण मात्र सामान्यतः प्रौढ किंवा तरुण स्त्रीच्या शरीरप्रमाणांना अनुसरून केलेली असते. तिच्याबरोबर कपड्यांचे स्वतंत्र संच, पादत्राणे, हातमोजे, टोप्या, पर्स, अलंकार इ. साहित्य असते व पुष्कळदा बाहुलीपेक्षा या साहित्याचेच महत्त्व अधिक ठरते. वेशबाहुल्यांचा संग्रह म्हणजे अशा बाहुल्या, त्यांचे कपडे, मूळ वेष्टने, छापील सूचिपत्रे व कपडे बेतण्याचे कागदी नमुने यांचे पद्धतशीर संकलन, वर्गीकरण व जतन होय. विसाव्या शतकाच्या मध्यातील, म्हणजे सु. १९४५ ते १९७० या काळातील, बाहुल्यांना संग्राहकांत विशेष मागणी असते. महाराष्ट्रात कारखान्यात तयार झालेल्या वेशबाहुलीची परंपरा अलीकडची असली, तरी घरी शिवलेल्या कपड्यांनी नटविलेल्या बाहुलीची परंपरा जुनी आहे. तिचे जतन हा या विषयाचा येथील खरा प्रश्न होय.

पूर्वेतिहास : छायाचित्रे व छापील वेशचित्रे प्रचारात येण्यापूर्वी एका दरबारातील पोशाखाची रीत दुसऱ्या दरबारात कळविण्यासाठी बाहुल्यांचा उपयोग होत असे. फ्रान्सच्या दरबारातील रोबेर द व्हारेन या शिंप्याला इंग्लंडच्या राणीसाठी पाठवावयाच्या बाहुल्यांच्या कपड्यांबद्दल पैसे दिल्याची १३९६ सालची नोंद उपलब्ध आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसमधून यूरोपीय राजधान्यांत पाठविल्या जाणाऱ्या अशा बाहुल्यांना ‘पँडोरा’ हे नाव पडले. त्यांपैकी ‘मोठी पँडोरा’ दरबारी पोशाख व ‘लहान पँडोरा’ घरगुती पोशाख दाखवीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेशचित्रांच्या मासिकांचा प्रसार होऊ लागला आणि हे काम कागदाकडे गेले. बाहुली मग श्रीमंत घरांतील मुलींचे खेळणे बनली. सु. १८६० ते १८९० या काळात पॅरिसमधील यूरे, झ्यूमो, ब्रू इ. कारखानदारांनी झिलईविरहित चिनी मातीचे (बिस्क) मस्तक व मऊ कातड्याचे धड असलेल्या बाहुल्या तयार केल्या. त्यांच्याबरोबर पेटीभर कपडे मिळत. या कपड्यांचे बेत प्रत्यक्षातील पोशाखांचे असल्याने मुलींना त्यातून शिवणकलेचे व समाजात वावरण्याच्या शिष्टाचाराचेही शिक्षण मिळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वेशबाहुलीला तिचे मूळचे निरोप्याचे काम पुन्हा एकदा करावे लागले. युद्धाने फ्रान्समधील वस्त्रव्यवसाय खिळखिळा झाला होता. कापड व कातडे दुर्मिळ होते. पूर्ण मापाचे पोशाख तयार करणे शक्य नसल्याने पॅरिसमधील पन्नासांहून अधिक वेशगृहांनी एकत्र येऊन सु. ७० सेंमी. उंचीच्या, तारेच्या सांगाड्याच्या सु. २०० आकृती सजविल्या. ‘तेआत्र द ला मोद’ (वेशरंगभूमी) या नावाने ओळखले जाणारे हे प्रदर्शन मार्च १९४५ मध्ये पॅरिसमध्ये भरले. त्यातील उत्पन्न युद्धपीडितांच्या मदतीसाठी होते. नंतर ते यूरोपातील काही शहरांत व १९४६ मध्ये अमेरिकेतही नेण्यात आले. या आकृतींची बटणे खरोखरच काजात बसत, अस्तरे पूर्ण शिवलेली होती. पुढे त्या सॅन फ्रॅन्सिस्कोत मागे राहिल्या व १९५२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयात त्यांना आश्रय मिळाला. फ्रान्सने १९४९ मध्ये अमेरिकेला पाठविलेल्या कृतज्ञतेच्या भेटींमध्येही पोशाखाचा इतिहास दाखविणाऱ्या ४९ बाहुल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या मध्यातील बाहुल्या : क्रिस्त्यां द्यॉर या वेशकाराने १९४७ मध्ये रूढ केलेली बारीक कंबर व घेरदार झग्याची ठेवण पुढील दशकातील बाहुल्यांच्या पोशाखावर स्पष्टपणे उमटली. याच सुमारास ठिसूळ लगद्याऐवजी कठीण प्लॅस्टिक व नंतर मऊ व्हिनिल उपलब्ध झाल्याने बाहुल्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. अमेरिकेतील व्होग कंपनीच्या सु. २० सेंमी. उंचीच्या ‘जिनी’ या बाहुलीने कपडे वेगळे विकण्याची पद्धत लोकप्रिय केली. जिनी मात्र बालरूप होती. मादाम अलेक्झांडर या कंपनीने १९५५ मध्ये आणलेली ‘सिसी’ ही सु. ५० सेंमी. उंचीची, प्रौढ बांध्याची व उंच टाचांचे जोडे घालणारी बाहुली होती. तिचे रेशमी व जाळीदार पोशाख शिवणकामाचे उत्तम नमुने मानले जातात. आयडियल कंपनीची ‘मिस रेव्हलॉन’ (१९५६) याच प्रकारातील होती.

जर्मनीत ‘बिल्ड’ या वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेच्या नायिकेवरून १९५५ मध्ये ‘लिली’ ही बाहुली तयार करण्यात आली. प्रथम ती प्रौढ ग्राहकांसाठी होती. अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी यूरोपच्या प्रवासात ती पाहिली आणि तिच्या धर्तीवर तयार केलेली ‘बार्बी’ ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणीमेळ्यात सादर झाली. तिची उंची सु. २९ सेंमी. व किंमत तीन डॉलर होती. कागदी बाहुल्यांना कागदी कपडे चढविताना मुली प्रौढ आयुष्याची स्वप्ने रंगवितात, या निरीक्षणातून ही कल्पना सुचल्याचे हँडलर सांगत. बाहुली स्वस्त ठेवून नफा कपड्यांवर मिळवावयाचा, हे या व्यवसायाचे सूत्र होते. तीत पुढे ‘केन’ (१९६१), ‘मिज’ (१९६३), ‘स्किपर’ (१९६४) व ‘फ्रान्सी’ (१९६६) यांची भर पडली. ब्रिटनमध्ये पेडिग्री कंपनीने १९६३ मध्ये ‘सिंडी’ ही अधिक साध्या चेहऱ्याची बाहुली आणली.

कपड्यांची रचना : बार्बीच्या आरंभीच्या पोशाखांची आखणी शार्लट जॉन्सन यांनी केली. उत्पादन जपानमध्ये होत असल्याने त्यावर देखरेख करण्यासाठी त्या काही काळ तेथे राहिल्या. या कपड्यांना अस्तर, चुण्या, इवल्या चेनपट्ट्या, टाचबटणे व आतून विणलेली नाममुद्रा असे. त्यांचे शिवणकाम बव्हंशी जपानी स्त्रिया करीत.

बाहुलीचे कपडे म्हणजे माणसाच्या कपड्यांची केवळ लहान प्रत नव्हे. बार्बीचे प्रमाण सामान्यतः एकास सहा असे मानतात. शरीराची उंची सहाव्या हिश्शावर आणता येते, परंतु कापडाची जाडी त्या प्रमाणात घटविता येत नाही. ०·२ मिमी. जाडीचे साधे सुती कापड या बाहुलीच्या अंगावर सव्वा मिमी.च्या जाड घोंगडीसारखे दिसते. कमरेवर झगा, अस्तर व पट्टा यांचे थर एकावर एक आले, की बाहुलीची कंबर जाड दिसू लागते. म्हणूनच तिची कंबर मुळातच अवाजवी बारीक ठेवली गेली, असे तिच्या आखणीचे एक कारण देण्यात येते. कापडाची पडण, म्हणजे ते अंगावरून खाली ओघळण्याची रीत, हीदेखील वजनावर अवलंबून असते. लहान तुकड्याला वजन नसल्याने तो फुगून राहतो. म्हणून अशा कपड्यांसाठी अतिशय तलम विणीचे कापड, बारीक छपाई व अरुंद शिवण निवडावी लागते.

हीच अडचण नऊवारी लुगड्याच्या बाबतीत अधिक तीव्र होते. सु. ८·२ मी. लांब व सु. ११५ सेंमी. रुंद लुगडे एकास सहा या प्रमाणात आणल्यास सु. १·४ मी. लांब व सु. १९ सेंमी. रुंद पट्टा होतो, १० सेंमी.चा काठ जेमतेम पावणेदोन सेंमी.चा उरतो. एवढा पट्टा २९ सेंमी. उंचीच्या बाहुलीला निऱ्या, ओचा, कासोटा व पदर यांसह नेसविल्यास तिची कंबर झाकोळून जाते. यातून सुटण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात लुगड्याची लांबी कमी करून निऱ्या टाचून किंवा शिवून टाकतात. हा बाजारी बाहुल्यांचा मार्ग होय. दुसऱ्यात बाहुलीच मोठी व मऊ घेऊन तिला जुन्या, वापराने तलम झालेल्या लुगड्याचा तुकडा नेसवितात. महाराष्ट्रातील घरगुती बाहुलीने हा दुसरा मार्ग फार पूर्वीच स्वीकारला होता.

ओळख व मूल्यमापन : संग्राहक प्रथम बाहुलीचा घडणकाळ निश्चित करतो. त्यासाठी मानेवरील व पाठीवरील ठसे, केसांची बसवण, डोळ्यांची रंगवणी, सांध्यांची रचना व मूळ देशाचे नाव पाहतात. १९५९ मधील पहिल्या बार्बीच्या पावलांत आधाराच्या खुंट्यांसाठी धातूच्या नळ्या बसविलेली भोके होती व तिच्या डोळ्यांतील बुबुळे पांढरी होती. यांवरून ती ओळखता येते. अंगावरील सनामुळे मात्र नवख्याची हमखास फसगत होते. तो सन पुष्कळदा त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचा असतो, उत्पादनाचा नव्हे. उदा., १९६६ हा सन उमटविलेली धडे त्यानंतर कित्येक वर्षे वापरात होती. जुन्या बाहुल्यांच्या अधिकृत प्रतिकृतीही निघतात. पहिल्या बार्बीची अशी प्रतिकृती १९९४ मध्ये निघाली.

कपड्यांचे मूल्य त्यांच्या पूर्णतेवर ठरते. एका संचातील झगा सहज सापडतो. त्यासोबतचे बोटभर हातमोजे, मण्यांची माळ, टोपी किंवा उघड्या बोटांचे जोडे मात्र खेळताना हरवलेले असतात. धुतल्याने विटलेला रंग, बदललेले टाचबटण, कापलेली नाममुद्रा यांनी बाजारभाव घटतो. न उघडलेल्या वेष्टनातील बाहुलीला सर्वाधिक किंमत येते. म्हणजे जिच्याशी कोणीही कधी खेळले नाही, तीच बाहुली बाजाराच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरते.

या मापाला एक मोठी मर्यादा आहे. पाश्चात्त्य देशांतही त्या काळातील बाहुल्यांचे कितीतरी कपडे कारखान्यात नव्हे, तर घरी तयार होत. कपडे बेतण्याचे कागदी नमुने विकत मिळत आणि आया व आज्या उरलेल्या कापडातून व लोकरीतून बाहुलीचे कपडे करीत. त्यांवर नाममुद्रा नसल्याने बाजारात त्यांना किरकोळ वस्तू मानतात. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांत अधिक माहिती असते. घरात कोणते कापड वापरले जाई, शिवणारीचे कौशल्य किती होते, मुलीने मोठेपणी कोणत्या वेशात वावरावे असे घराला वाटत होते, हे सर्व त्यांवरून कळते.

द्रव्ये व त्यांचा ऱ्हास : वेशबाहुली निरनिराळ्या द्रव्यांची बनलेली असते व ही द्रव्ये एकमेकांना बाधतात. चिनी माती रासायनिक दृष्ट्या टिकाऊ पण ठिसूळ असते. लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याची बाहुली हवेतील ओलावा कमीजास्त झाल्यास तडकते. महायुद्धापूर्वी प्रचारात असलेले सेल्युलॉइड ज्वालाग्राही असून त्याच्या अपघटनातून निघणारे नायट्रोजनाचे ऑक्साइड ऱ्हासाचा वेग वाढवितात. अशा बाहुल्या हवेशीर व इतरांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. सेल्युलोज ॲसिटेटाच्या ऱ्हासाची खूण म्हणजे व्हिनेगरसारखा आंबट वास. व्हिनिलमध्ये मऊपणासाठी मिसळलेले द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येते. त्यामुळे बाहुली चिकट होते व तीवर धूळ बसते. धातूची कर्णभूषणे व्हिनिलात टोचलेली असल्यास तांब्याच्या संयुगांमुळे कानांभोवती हिरवा डाग पसरतो. संग्राहकांत ‘हिरवा कान’ या नावाने तो परिचित आहे. डाग पसरू नये म्हणून कर्णभूषणे काढून वेगळी ठेवणे हाच उत्तम उपाय होय.

कापडाचा मुख्य शत्रू प्रकाश होय. संग्रहालयांत वस्त्रांवर सामान्यतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. गडद रंगाचे कपडे बाहुलीच्या अंगावर दीर्घकाळ राहिल्यास रंग व्हिनिलात उतरतो व तो निघत नाही. म्हणून कपडे व बाहुली यांच्यामध्ये आम्लरहित पातळ कागद किंवा खळ काढलेले, अनेकदा धुतलेले मलमलीचे कापड घालतात. घड्या वेळोवेळी बदलतात, अन्यथा जरीचे काठ घडीवरच तुटतात. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही. त्यांच्या बाष्पाने काही प्लॅस्टिके मऊ पडतात. वेखंड किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला पुरचुंडीत बांधून, कापडाला न लागेल असा ठेवण्याची जुनी घरगुती रीत त्यामानाने निर्धोक आहे. परंतु नियमित तपासणीला ती पर्याय ठरू शकत नाही.

हवामानाचा प्रभाव प्रदेशपरत्वे बदलतो. कोकणातील दमट हवेत बुरशी व गंज यांची भीती असते. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेतील कोरड्या प्रदेशात ही भीती कमी. परंतु तेथे उन्हाळ्यातील उष्णता, दिवस-रात्रीच्या तपमानांतील मोठी तफावत व धूळ यांपासून संरक्षण करावे लागते. पत्र्याच्या छपराखालील माळा ही बाहुल्या ठेवण्याची सर्वांत वाईट जागा होय. घराच्या मधल्या खोलीतील, जमिनीपासून उंचावलेले लाकडी किंवा पोलादी कपाट त्याहून कितीतरी चांगले.

भारतातील परंपरा : बाहुल्या दरवर्षी बाहेर काढून मांडणे व पुन्हा जपून ठेवणे ही संग्रहाचीच एक रीत होय. तमिळनाडूत नवरात्रातील ‘कोलू’मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. महाराष्ट्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानिमित्त केल्या जाणाऱ्या आराशीत खेळणी व बाहुल्या मांडण्याची चाल आहे. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांतील वेश दाखविणाऱ्या बाहुल्या तयार करण्यास हस्तव्यवसायांच्या प्रोत्साहनातून चालना मिळाली. वधूवर, कोळीण, नर्तकी अशा या बाहुल्यांचे कपडे बहुधा अंगावर शिवून टाकलेले असतात. त्यामुळे त्या वेश दाखवितात, पण वेश बदलू शकत नाहीत.

व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांनी दिल्ली येथे ३० नोव्हेंबर १९६५ रोजी सुरू केलेले ‘शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय’ ही या क्षेत्रातील भारतातील अग्रगण्य संस्था होय. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेसाठी भेट दिलेल्या एका बाहुलीपासून शंकर यांना संग्रहाची प्रेरणा मिळाली. संग्रहालयात सु. ८५ देशांतील ६,००० हून अधिक बाहुल्या आहेत. संग्रहालयाच्या स्वतःच्या कर्मशाळेत भारतीय वेशांच्या बाहुल्या, वेशभूषेचा व अलंकारांचा अभ्यास करून तयार केल्या जातात व परदेशांतील बाहुल्यांशी त्यांची देवघेव होते.

स्वातंत्र्योत्तर काळात चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यातील पाश्चात्त्य वेशबाहुल्या भारतात मुख्यतः परदेशी जाऊन आलेल्या नातलगांच्या भेटी म्हणून आल्या. मॅटेल कंपनीच्या विविध देशांच्या मालिकेत साडी ल्यालेली भारतीय बार्बी १९८२ मध्ये निघाली. पुढे ‘लिओ मॅटेल’ या नावाने भारतात तयार झालेल्या, भारतीय पोशाखातील बार्बीही बाजारात आल्या व आता त्यांचाही संग्रह होऊ लागला आहे.

महाराष्ट्रातील बाहुली व तिचे कपडे : सावंतवाडी व अन्यत्र तयार होणारी लाकडी ‘ठकी’ ही महाराष्ट्राची परिचित जुनी बाहुली होय. तिचे लुगडे-चोळी व दागिने लाकडावर रंगविलेले असल्याने वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे ती वेशबाहुली ठरत नाही. वेशबाहुलीच्या व्याख्येत बसते ती चिंध्यांची बाहुली. कापडाची सुरळी किंवा पिशवी भरून धड, काळ्या दोऱ्याचे केस, टाके घालून काढलेले नाक-डोळे आणि वरून नेसवलेले लुगडे, अशी तिची घडण. तिचे कपडे बदलत; सणाला, पाहुणे आल्यावर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या लग्नात.

बाहुला-बाहुलीचे लग्न हा मराठी मुलींचा सुटीतील आवडता खेळ होता. त्यात वाङ्‌निश्चयापासून वरातीपर्यंतचे विधी होत. एक घर वधूपक्ष व दुसरे वरपक्ष बनत असे. मुंडावळ्या, अंतरपाट, शालू, शेला व रुखवत हे सर्व बाहुलीच्या मापाने तयार करावे लागे. या निमित्ताने मुलगी कापड बेतणे, धावदोरा, हेमटाका व काजे शिकत असे. चोळीचा खण कसा दुमडावा, लुगड्याच्या निऱ्या किती घ्याव्यात, हे ती बाहुलीच्या अंगावर प्रथम करून पाही. मोठ्या बायकांच्या मदतीने होणारा हा खेळ म्हणजे संसाराची रंगीत तालीमच असे. बालविवाहाच्या काळात खेळ व वास्तव यांतील अंतर फारच थोडे होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे; बाहुली हातातून सुटण्यापूर्वीच अनेक मुलींना स्वतःच्या अंगावर नऊवारी घ्यावी लागे.

लहान आकृतीला पूर्ण वस्त्र नेसविण्याचे कौशल्य महाराष्ट्रात धार्मिक आचारातूनही जोपासले गेले. भाद्रपदातील ज्येष्ठा गौरींना (अहिल्यानगर जिल्ह्याच्या मराठवाड्याला लागून असलेल्या भागात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात) चौकटीवर साड्या नेसवितात. बाळकृष्णासाठी अंगरखे व टोपी शिवतात. या आकृती खेळण्यासाठी नसल्या, तरी त्यांना वस्त्रे नेसविणारे व बाहुलीचे कपडे शिवणारे हात एकच असत.

अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचा अहमदनगर, नामांतर २०२४) या दृष्टीने अभ्यासकाला विशेष उपयुक्त आहे. एकोणिसाव्या शतकात लुगडी विणणे हा या जिल्ह्यातील एक प्रमुख उद्योग होता. अहमदनगर, भिंगार, संगमनेर इ. ठिकाणी हातमाग चालत व शहरातील विणकरांत पद्मशाली समाजाचा मोठा वाटा होता. गिरण्यांचे व यंत्रमागाचे कापड आल्यावर हातमागाची लुगडी मागे पडली. लुगडे फाटेपर्यंत नेसले जाई. नंतर त्याचे पोलके, झबले, दुपटे व अखेर गोधडी होई. या मार्गात एखादा काठाचा वा पदराचा तुकडा बाहुलीच्या वाट्याला येई. पूर्ण लुगडे क्वचितच उरते. बाहुलीच्या अंगावर मात्र त्याचा काठ, विणीची घनता व रंग यांचा छोटा नमुना शिल्लक राहतो. गोधडी अनेकदा धुतली जाते व तिच्या वरच्या थरांचा रंग उडतो. ट्रंकेत पडून राहिलेल्या बाहुलीचे लुगडे त्यामानाने मूळ रंगात असते. वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच ही बाहुली म्हणजे कापडाच्या नमुन्यांची एक वहीच होय. जिल्ह्यातील वेशांतही विविधता होती. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी व ठाकर स्त्रियांचे गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले लुगडे, गोदाकाठच्या शेतकरी स्त्रियांची नेसण व शहरातील पांढरपेशा घरांतील नऊवारी यांत स्पष्ट फरक होता. सहावारी साडी, परकर-पोलके व पुढे फ्रॉक आल्यावर बाहुलीचे कपडेही बदलत गेले.

संग्रह व नोंद : वर सांगितलेले बाजाराचे माप, म्हणजे नाममुद्रा, वेष्टन व अस्पर्श अवस्था, महाराष्ट्रातील बाहुलीला लावल्यास तिच्यापैकी एकही संग्रहणीय ठरणार नाही. तिला नाममुद्रा नाही, वेष्टन नाही आणि तिच्याशी भरपूर खेळलेले आहे. म्हणून येथे निराळे माप लावले पाहिजे. पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, खेळणी यांसारख्या नित्याच्या वस्तू त्यांना बाजारात मोल नसताना जमविल्या व आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. आज त्या वस्तूंवरून जुन्या घरगुती जीवनाची कल्पना येते.

बाहुलीच्या बाबतीत वस्तूइतकीच तिची हकीकतही महत्त्वाची असते. बाहुली हाती येताच प्रथम तिचे छायाचित्र घ्यावे. ती धुऊ नये, सुटलेले टाके घालू नयेत व जीर्ण कापड बदलू नये. कोणी शिवली, कोणासाठी, कोणत्या साली व प्रसंगी, लुगड्याचा तुकडा कोणाच्या अंगावरचा, तो कोठे विकत घेतला होता, यांची नोंद करावी. क्रमांक बाहुलीवर न लिहिता वा न चिकटविता मऊ फितीने बांधावा. आखूड पट्टे उलगडून लांबी, रुंदी व काठाची मापे घ्यावीत आणि नेसण मोडण्यापूर्वी तिच्या घड्यांचा क्रम लिहून ठेवावा. कारण एकदा सुटलेली नेसण पुन्हा तशीच बसविणे जाणकारालाच जमते. कारखान्यातील बाहुलीची बरीच माहिती सूचिपत्रांत छापलेली असते व ती हरवली तरी दुसरी प्रत मिळू शकते. घरगुती बाहुलीची माहिती मात्र ती शिवणाऱ्या किंवा तिच्याशी खेळलेल्या स्त्रीच्या स्मरणात असते, व त्या स्मरणाला दुसरी प्रत नसते. नऊवारीतील बाहुल्यांशी लहानपणी खेळलेल्या स्त्रिया आज वृद्धापकाळात आहेत. त्यांच्या हयातीत या नोंदी झाल्या, तर एक लहानशी चिंधी वस्त्रेतिहासाचे साधन बनते. न झाल्यास ती केवळ चिंधीच राहते.